उभ्या फोनचं पान

आमच्या दारासमोर मिलिमीटरराव राहतात. हे नाव मीच ठेवलं आणि ते असं चिकटलं की आता गॅसवालासुद्धा त्याच नावाने हाक मारतो. भिंतीवर आरसा टांगायचा असो की दारावर पाटी लावायची असो, हा गृहस्थ आधी शर्टाच्या खिशातून स्टीलची पट्टी काढतो आणि मगच तोंड उघडतो. मी मिशी राखली तेव्हा जिन्यात थांबून म्हणाले, "डावीकडे एक मिलिमीटर जास्त आहे." घरी जाऊन आरशात पाहिलं. होती.

रावांचं सगळं आयुष्य छापखान्यात गेलं. उमेदवारी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेली, मग कॉम्प्युटर आला, पण हाताची सवय मोडली नाही. व्हिजिटिंग कार्डं, बिलबुकं, बरण्यांची लेबलं. त्यांच्या लेखी पान म्हणजे चार कडा, आणि त्या कडांच्या आत जे जिथे ठेवलं ते तिथेच राहणार.

एक दिवस मालकांनी त्यांना केबिनमध्ये बसवलं. "कार्डं कोण छापतं हल्ली? लोक वेबसाइट मागतात. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना हवी आहे. ती तुम्ही करून दाखवा. जमली तर टेबल तुमचंच. नाही जमली तर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

संध्याकाळी वहिनींनी, म्हणजे रावांच्या बायकोने, मला बोलावून घेतलं. "भाऊ, तुम्ही बसा जरा यांच्याजवळ. मी काही बोलले की भांडण होतं. तुम्ही बोललात की निदान चहा तरी होतो."

सल्ला द्यायला वहिनींचा भाऊ आला होता. तो कुठल्याशा मोठ्या कंपनीत आहे आणि त्याला सगळं माहीत असतं. दुर्दैवाने या खेपेला त्याला खरंच माहीत होतं.

"भावजी, एक तर एडिटर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर घ्या आणि कोड लिहायला शिका," तो म्हणाला. "वेळ लागेल, पण पाया पक्का होईल. नाहीतर वेबसाइटचे तयार साचे मिळतात, त्यात नाव, पत्ता, फोटो टाकला की झालं. आणखी एक जुनं सॉफ्टवेअर आहे, त्यात माउसने उचलून काहीही कुठेही ठेवता येतं. त्याच्या वाटेला मात्र जाऊ नका."

रावांनी प्रामाणिकपणे आधी कोडला हात घातला. एक कंस बंद करायचा राहिला आणि अख्खं पान गुल झालं. "खिळा उलटा बसला तर एक अक्षर उलटं छापतं," ते मला म्हणाले. "बाकीचं पान त्याच्यासाठी संपावर जात नाही."

मग साचे पाहिले. प्रत्येक साच्यात एक बाई लॅपटॉपसमोर कॉफी पीत हसत होती.

"ही कोण?"

"कोणी नाही, भावजी. तिला काढायचं आणि आपला फोटो टाकायचा."

"आणि हे नाव जरासं खाली घ्यायचं असेल तर?"

"नाही घेता येणार. साचा आहे तो."

नाव खाली घेता येत नाही म्हटल्यावर राव उठलेच. दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या कपाटातून त्यांनी ते जुनं सॉफ्टवेअर शोधून काढलं. ते उघडलं तर वरच्या कडेला आणि डाव्या कडेला चक्क पट्टी आखलेली, सेंटिमीटरच्या खुणांसकट. पट्टी दिसली आणि माणूस माहेरी आलेल्या लेकीसारखा सैलावला. सॉफ्टवेअर ठरलं.

पुढचं मात्र ते भराभर शिकले. बटण कसं करायचं, फोटो हलका कसा करायचा, नंबरावर बोट ठेवलं की फोन कसा लागेल. प्रत्येक ओळ कुठे संपायची ते ठरवून त्यांनी ती हाताने तोडली. पान तयार झालं तेव्हा मी म्हटलं, "राव, हे बघून माझी दाढ दुखायला लागली." ते गालात हसले. या सगळ्या प्रकरणात ते एवढंच हसले.

मेहुण्याने ते पान वहिनींच्या फोनवर उघडलं. अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग.

"लोक चष्मा लावतील," राव म्हणाले.

"भावजी, लोक फोनवरच बघतात सगळं. फोन कसाही असला तरी नीट दिसायला हवं."

"एवढंच ना?"

रावांनी पट्टी काढली, वहिनींच्या फोनची काच मोजली आणि त्या मापाचं वेगळं पान केलं. देखणं झालं. मग माझा फोन लांबट निघाला, त्याचं वेगळं. गॅसवाल्याचा रुंद, त्याचं आणखी वेगळं. शिंप्याने गिऱ्हाईक गाठावं तसे ते लोकांना जिन्यात गाठू लागले, आणि त्यांची चाहूल लागली की लोक फोन खिशात घालू लागले. या सगळ्या पानांच्या आधी आणखी एक पान ठेवलं होतं. त्यावर फोनची चित्रं काढून खाली लिहिलं होतं, 'कृपया आपला फोन निवडा.'

"लग्नाच्या अंगठीसाठी माझ्या बोटाचं माप दोऱ्याने मागवलं होतं यांनी," वहिनी म्हणाल्या. "आणि आता गॅसवाल्यासाठी पट्टी."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "भाऊ, हे टेबल गेलं तर यांना दुसरीकडे कोण घेणार, सांगा?"

डॉक्टरीणबाईंचा फोन तेवढा राहिला होता. दाढ दाखवायच्या निमित्ताने राव वर गेले, टेबलावरचा फोन मोजून आले आणि दाढ तिथेच ठेवून आले. खरंच किडली होती म्हणे.

दाखवायच्या दिवशी मी बिलबुक छापायचं निमित्त काढून छापखान्यात हजर होतो. गाल अजून सुजलेला, शर्ट इस्त्रीचा, असे राव उभे. बाईंनी आपला फोन निवडला आणि पान उघडलं. एक रेघ इकडची तिकडे नव्हती.

"छान आहे हो," बाई म्हणाल्या. "किती नीटनेटकं." मालकांचाही चेहरा सैल पडला.

मग बाईंना दवाखान्याचा फोटो मोठा करून बघावासा वाटला. त्यांनी फोन आडवा केला.

अक्षरं फुगली. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या, फोन नंबर दाताच्या चित्राखाली गेला आणि उजवीकडे कोरी करकरीत जागा उरली.

"उभा धरा ना, बाई," राव हळूच म्हणाले.

त्यांनी उभा धरला. पान पुन्हा जागच्या जागी आलं. "पण पेशंटना मी काय सांगू?" त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

"कार्डाचं काम आलं की फोन करतो तुम्हाला," मालक रावांना म्हणाले.

रावांच्या टेबलाशी आता एक मुलगी बसते. तिने साचा घेऊन दुपारभरात बाईंची वेबसाइट उभी केली. मी पाहिली. कॉफी पिणारी बाई अजून तिथेच आहे, दातांच्या दवाखान्यात हसत बसलेली. फोन आडवा केला तरी हसते.

मेहुणा येऊन रावांना समजावून गेला. पान कोणत्याच मापाचं करायचं नसतं. काच जेवढी असेल तेवढं ते पसरतं किंवा आकसतं.

"मग ओळ कुठे तोडायची ते कोण ठरवतं?" रावांनी विचारलं.

"कोणी नाही, भावजी. ते आपोआप होतं."

राव दाढेच्या रिकाम्या जागी जीभ फिरवत बसले. "मग मी काय करायचं?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. चहा संपला होता, तरी मी तो प्यायलो.

तेव्हापासून राव फोन खिडकीत, पेन्सिलींच्या डब्याला टेकवून ठेवतात. छापखान्याचा आला तर रिंग ऐकू यावी म्हणून.

"राव, आडवा ठेवा," मी म्हटलं. "पडेल."

"नको," ते म्हणाले. "उभाच बरा."

आज सकाळी जिना उतरताना दार उघडं होतं म्हणून डोकावलो. फोन तसाच उभा होता, आणि राव त्याच्यासमोर बसले होते.