लाल त्रिकोणाचं पाकीट

परभणीत डॉक्टरीणबाईंच्या दाराशी स्टुलावर बसून मी जेवढ्या बाया आत सोडल्या, तेवढे किस्से माझ्याकडं साचले. शाळेची पायरी मी चढले नाही; औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले. नामांतराच्या बंदातही दवाखाना मीच उघडायची. तेव्हा मला कुणी शिकवू नये!

राणीसावरगावची एक बाई पुतणीला घेऊन आली. पोरीच्या तोंडावर पुटकुळ्या, पाळीही कधी येई, कधी नाही. काकूनं निदान करूनच आणलं होतं : शेंगदाण्याची उष्णता! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हार्मोनचा घोळ आहे. कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांनी पाळीही सुधारेल, तोंडही. पोरगी पहिल्यांदाच बोलली, "मग आता शेंगदाणे खाऊ का?"

त्याच गोळ्या खाणाऱ्या एका मास्तरणीची सासू खूश होऊन आली. म्हणाली, "सुनंची पाळी आता टायमावर येते. आमची देवगाव फाट्याची एस.टी. बी धाडू का तुमच्याकडं?"

एकीनं न विचारता शेजारणीची खाजेची ट्यूब तोंडाला महिनोन्महिने फासली. त्यात स्टेरॉईड! आधी पुटकुळ्या गेल्या, मग दुप्पट उगवल्या, वर ओठावर लव आली. बाई तिच्यावर लय तापल्या. ती थंडपणे म्हणाली, "नवरा म्हणतो, वस्तरा एकच आणू दोघांत."

पण शोभाची गोष्ट या सगळ्यांच्या वर. साखरपुडा झालेला, अन् तिच्या नि होणाऱ्या नवऱ्याच्या गालांवर सारख्याच पुटकुळ्या. बाईंच्या गोळ्यांनी शोभाचे गाल साफ झाले. पुढच्या तपासणीला ती आईबरोबर आली, तर होणारी सासू लेकाला घेऊन मागोमाग आत घुसली. तिनं टेबलावर गोळ्यांचं पाकीट आपटलं. त्यावर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. लग्नाआधीच असल्या गोळ्या खाणारी पोरगी आमाला नको, म्हणाली.

पुटकुळ्यांसाठी मीच दिल्यात, असं बाईंनी परोपरीनं सांगितलं. सासू ऐकेना. शेवटी मी विचारलं, "पाकीट घावलं कुठं?"

"ह्याच्या खिशात. हिनंच दिलं असंल लपवायला."

शोभानं पर्समधून स्वतःचं पाकीट काढून शेजारी ठेवलं.

सगळ्यांनी नवरदेवाकडं पाहिलं. गाल कसे गुळगुळीत!

"हे कितवं?" बाईंनी विचारलं.

"तिसरं." त्यानं शर्ट छातीपासून जरा पुढं ओढून धरला. "बाई, इथं दुखायलंय. ते ह्यानंच का?"

सासूनं खिशातलं पाकीट उचलून कमरेला खोचलं.

"विहीणबाई," ती शोभाच्या आईला म्हणाली, "तारीख हाय तीच ठेवा."