बाळंतिणीची खोली

आमच्या सासरच्या घरात मागच्या बाजूला एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. एरवी तिथं जुनी जाळी आणि मिठाच्या गोणी पडून असत, पण पूर्वी कुणाचे दिवस भरत आले की आत्या ती रिकामी करून सारवून घ्यायची. माझ्या नवऱ्याचा, त्याच्या भावंडांचा, आळीतल्या कितीतरी जणांचा जन्म तिथलाच. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही, गावची सुईण. मी लग्न होऊन घिवलीजवळच्या त्या गावात आले तोवर तिची नजर गेली होती. तिला कुणी बोलवतही नव्हतं. बाया बाळंतपणाला बोईसरला जाऊ लागल्या होत्या.

माझं माहेर केळव्याचं. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी, हा विषयच नव्हता. मला दिवस गेल्याचं कळल्यावर आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "हिचं मी करनार. मंग माझे हात मोकले." मला तर बरंच वाटलं. आई नसलेल्या पोरीला कुणीतरी पोटाशी धरतंय, एवढंच मला त्यात दिसलं.

महिन्याच्या महिन्याला मी उपकेंद्रात जायचे. आशाताई हाक मारायला यायची. तिथली सिस्टर वजन करायची, रक्तदाब बघायची, लोहाच्या गोळ्या द्यायची. मला ते सगळं उगाचच वाटायचं. मग एकदा तिनं पोटावर गार जेल लावलं, त्यावर हातात मावेल एवढं यंत्र टेकवलं आणि खोलीभर आवाज घुमायला लागला. लांबून होडीचं इंजिन यावं तसा, पण फार घाईघाईचा.

"हे तुझं बाळ," सिस्टर म्हणाली.

मला रडू आवरेना. त्यानंतर मी उपकेंद्रात जायची वाट बघायला लागले. गोळ्यांसाठी नाही, त्या आवाजासाठी.

घरी दुपारी आत्या माझ्या पोटाला तेल लावायची. तिचे हात उबदार होते. लावता लावता ती पुटपुटायची. मला वाटायचं देवाचं काही म्हणत असेल, पण ती मध्येच थांबायची, कान द्यायची आणि "बरं, बरं," म्हणायची. जणू समोरून कुणी उत्तर दिलंय.

आठव्या महिन्यातली गोष्ट. पुरुष बोटीवर गेलेले, सासूबाई किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायला. आत्यानं माझा हात धरला आणि मला मागच्या खोलीत नेलं. खोली रिकामी केलेली होती. आंधळ्या बाईनं ती कधी सारवली, कुणालाच माहीत नाही. जमीन ओली होती. तिनं मला चटईवर निजवलं, पोटाला कान लावला आणि बराच वेळ तशीच राहिली. मग डोकं उचलून तिनं तोंड कोपऱ्याकडे फिरवलं.

"आयकलंस?"

"काय?"

"तिकडं हाय."

आणि मला ऐकू आलं. तोच आवाज, तसाच घाईघाईचा. पण तो माझ्याकडून येत नव्हता. कोपऱ्यातून येत होता. मी पोटावर दोन्ही हात दाबून धरले. आत काहीच हलत नव्हतं.

"तुझ्या पोटात नाय आता," आत्या हळूच म्हणाली, "खोलीत आलंय. खोली सांबालंल. घाबरू नको."

मी उठले ती अनवाणीच उपकेंद्रात गेले. सिस्टर जेवत होती. माझा चेहरा बघून तिनं डबा बाजूला सारला, मला टेबलावर झोपवलं, यंत्र लावलं. आवाज होता. माझ्याच पोटातून येत होता. मग तिनं रक्तदाब बघितला, सुजलेल्या पायावर अंगठा दाबला आणि तिचा आवाज बदलला.

"घरी करायचं अजिबात डोक्यात आणू नकोस. मी आत्ताच बोईसरच्या हॉस्पिटलात फोन करते. मी सोबत येते."

रक्तदाबाचं मला तेव्हा धड कळलंही नाही. पण आपल्या बाळाचा आवाज जिथं आपल्या पोटातून येतो, तिथंच आपण असायचं, एवढं मला कळलं.

निघताना आत्याला सांगितलं तेव्हा ती रागावेल असं वाटलं होतं. ती हसली. "जा. तू जा," म्हणाली.

मुलगी झाली ती भर दुपारी, बोईसरला. त्रास पुष्कळ झाला, रक्तदाब उतरेना, पण दोघी वाचलो. नवऱ्यानं घरी फोन केला, तर सासूबाईंनी ऐकून लगेच फोन ठेवून दिला. पुढं मी घरी आल्यावर त्यांनी सांगितलं. मुलगी झाली त्या सकाळी आत्या मागच्या खोलीत शिरली. कढत पाणी मागितलं, जुनं लुगडं मागितलं. आतून तिचा आवाज येत राहिला, "दे कळ, दे अजून." दुपारी ती हात धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "पोर झाली." फोन त्यानंतर वाजला.

आत्यानं आपणहून माझ्या मुलीला कधी हात लावला नाही. ती स्वतः मागच्या खोलीतच राहू लागली. आत तिनं पाळणा टांगला होता. सासूबाई तिला वाटीभर दूध नेऊन द्यायच्या. ती वाटी रिकामी बाहेर यायची.

बारशानंतर एका दुपारी मला राहवलं नाही. मी मुलीला घेऊन आत गेले आणि सरळ आत्याच्या मांडीवर ठेवली. तिनं बोटांनी कपाळ चाचपलं, कान चाचपले, टाळूवर तळवा ठेवला.

"कोनाची गं ही?"

"माझी, आत्या."

"चांगली हाय. भुकेली वाटते, ने तिला." मग तिनं पाळण्याची दोरी हातात घेतली आणि आवाज अगदी खाली आणला. "हलू जा. माझी आत्ताच निजलीय."

मी मुलीला छातीशी धरलं आणि पावलं न वाजवता बाहेर आले.