एकच फेरी

कुवेतमधल्या शर्कच्या बंदरावर बोटीच्या पेट्रोलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास एकत्र आला, की मला ते कुवेती आजोबा आठवतात. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, तिथल्याच अहमदी शहरात नुकतीच नोकरीला लागलेली, आणि दर शुक्रवारी वॉटर स्कीइंग शिकत होते. शिकत म्हणजे नुसती पडत होते. आजोबा सत्तरीचे, तरुणपणापासून स्की करणारे, पण हृदयाच्या ऑपरेशननंतर त्यांची मुलगी त्यांना पाण्यात उतरू देत नसे. बोट तीच चालवायची. एका शुक्रवारी सकाळी ती कशीबशी तयार झाली, एकाच फेरीला, तेही सोबत कुणी असेल तर. आजोबा सरळ माझ्याकडे आले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, “बेटी, मेरे साथ चलो.” बोटीमागे बांधलेले दोन दोर आम्ही दोघांनी धरले. बोटीने ओढ घेतली तसे ते अलगद उभे राहिले, पाठ ताठ, पांढरे केस वाऱ्यावर. त्यांच्याकडे बघता बघता मीही पहिल्यांदाच उभी राहिले, आनंदाने ओरडले आणि तोंडावर आपटले. नाकातोंडातलं पाणी झटकून बघते तर आजोबाही पाण्यात. आपला दोर त्यांनी मुद्दाम सोडला होता. मुलगी बोट वळवून आली आणि अरबीत त्यांच्यावर चिडली. मी विचारलं, “आपने क्यों छोड़ा?” ते धापा टाकत हसले. “साथ बोला था ना?” मुलीने दुसरी फेरी काही दिली नाही. आता माझे गुडघे दुखतात, डॉक्टर स्कीइंग बंद करा म्हणतात, आणि त्या सकाळी त्यांनी हातातून काय सोडलं होतं, ते मला आत्ता कुठे कळतंय.