ईरप्पाच्या पसंतीचं गाणं

लग्नाला सव्वीस दिवस उरले होते, आणि सिद्धेश्वरीनं बापाला नेमकं नको तेच काम सांगितलं.

"अप्पा, रिसेप्शनला बाकीचे काय नाचायचं ते नाचू देत. पण एक गाणं तुमचं नि माझं. आपण दोघांनीच नाचायचं. आणि ते गाणं तुम्हीच निवडायचं."

ईरप्पा तिच्यासमोर बसून चहा पीत होता. मुलीच्या ओठांकडं त्यानं नीट बघितलं, शब्द न् शब्द कळला आणि त्यानं बशी खाली ठेवली. "मला कुटं कळत्यात तुमची आताची गाणी," तो म्हणाला.

"भवानी पेठेत तुमच्याएवढं गाण्यातलं कळतंय कुणाला?" सिद्धेश्वरी हसली. चुलीपाशी त्याची बायको महानंदा विकायच्या कडक भाकऱ्या रचत होती, तिनंही मान हलवली. म्हणजे तीही 'व्हय की' म्हणाली असणार.

पोरगी खोटं बोलत नव्हती. एके काळी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत रेडिओ लागला की पहिल्या दोन सुरांत ईरप्पा गाणं ओळखायचा. लोक पैजा लावायचे, आणि पैज हरलेला माणूस सगळ्यांना भजी चारायचा. सोमवारी मठात भजन असलं की पेटीशेजारची जागा त्याचीच. तीन वर्षांपूर्वी त्यानं मठात गाणं सोडलं. गळा बसला, आता होत नाही, असं सगळ्यांना सांगितलं.

गळ्याला काही झालेलं नव्हतं. कान गेले होते.

एकतीस वर्षं तो चादरीच्या कारखान्यात मागावर उभा होता. एका छपराखाली चोवीस माग, आणि सगळ्यांचा एकदम खडखडाट. आधी पेटीचे वरचे सूर गेले. मग फोनची घंटी गेली, कुकरची शिट्टी गेली. मग बायामाणसांचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं यायला लागलं. जाडाभरडा आवाज, ट्रकचा, ढोलाचा, अजून पोचायचा. पण गाणं म्हणून जे असतं ते जवळपास संपलं होतं. कारखान्यात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिथं सगळेच हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून बोलतात. घरी तो नेहमी माणसाच्या तोंडासमोर बसायचा. टीव्ही बघताना महानंदा हसली की हसायचा.

सांगून टाकावं असं त्याला कैकदा वाटलं होतं. पण वैशाखात सोयरीक जमली, आणि त्या बैठकीतच त्याचं तोंड बंद झालं. मुलगा शिवराज अक्कलकोटचा, शाळेत मास्तर, गुणाचा. त्याची आई शिवम्मा बोलायला फटकळ. चहा पिता पिता ती म्हणाली होती, "आदी एक ठिकाण बघितलं हुतं. सगळं जमलं, आणि मागनं कळलं, पोरीचा मामा ठार बहिरा. रक्तातलं आसतंय हो ते. आमी न्हाय म्हणून सांगितलं." हे वाक्य ईरप्पानं तिच्या ओठांवरून वाचलं होतं. त्या दिवसापासून त्यानं ठरवलं होतं, अक्षता पडेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही.

आणि आता पोरीनं गाणं निवडायला सांगितलं होतं.

पहिला आठवडा त्यानं टाळाटाळीत काढला. आज पाहुण्यांकडं जायचंय, आज डोकं दुखतंय. मग जुन्या गाण्यांची नावं आठवून सांगायला लागला. सिद्धेश्वरी म्हणायची, "छान आहे अप्पा, पण याच्यावर नाचता येईल का? आता याची नवी चाल आलीय, ऐका की." नवी चाल म्हटलं की तो काहीतरी निमित्त काढून उठायचा. मागावर त्याचं लक्ष लागेना. धागा तुटला तरी ध्यानात यायचं नाही, आणि दोनदा चादरीत डाग राहिला म्हणून मुकादमानं हातानंच खूण करून विचारलं, काय झालंय? ईरप्पानं डोक्यावर अक्षता टाकल्याची खूण केली, पोरीचं लगीन. मुकादम समजुतीनं हसला.

रविवारी सकाळी सिद्धेश्वरी त्याला धरूनच बसली. "आज तीन गाणी काढलीत. तुम्ही फक्त पसंत करायचं. साउंडवाल्या अनिलकुमारांना उद्या सांगायचंय."

तिनं फोन दोघांच्या मधे पाटावर ठेवला. पहिलं गाणं लावलं. ईरप्पाला खूप लांबून काहीतरी गुणगुणल्याचा भास झाला. त्यानं डोळे मिटले, मान हलवली. दुसरं लावलं. त्यात ठेका जरा कळत होता. मग सिद्धेश्वरीनं तिसऱ्यावर बोट ठेवलं. तो मांडीवर हलकेच बोटं आपटत राहिला. मठात डोळे मिटून ऐकणारी जाणती माणसं करतात तसं. पुरेसा वेळ गेला असं वाटल्यावर त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "हेच. तिसरंच भारी हाय. चाल चांगली हाय."

सिद्धेश्वरी त्याच्याकडं बघत होती. तिचा चेहरा असा होता की त्याला वाटलं, कुणी गेलं की काय.

तिनं पर्स ओढली आणि आतून कानात घालायच्या बिनवायरीच्या इयरफोनची डबी काढली. डबी अर्धवट उघडी होती. तिनं ती त्याला दाखवली, आणि मग अगदी सावकाश, ओठ पुरते हलवत ती बोलली. "अप्पा, तिसरं गाणं फोनवर वाजलंच नाही. ह्याला जोडलं गेलं होतं. सगळं ह्या पर्समध्ये वाजत होतं."

ईरप्पाची बोटं अजून मांडीवरच होती. ती त्यानं उचलून घेतली.

"कधीपासनं?" तिनं विचारलं.

त्याला खोटं बोलता आलं असतं. लक्ष नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण पोरीचे डोळे भरले होते, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला हे विचारत होतं. "तीन वर्स," तो म्हणाला. "तुज्या आईला सांगू नगं."

महानंदा दारातच उभी होती. ती काय म्हणाली ते त्याला कळलं नाही, कारण तिनं पदर तोंडाला लावला होता.

दुपारभर घरात तोच विषय. महानंदाचा राग असा की, हा माणूस आपल्याशेजारी बसून तीन वर्षं नुसता तोंडं बघत होता आणि आपल्याला पत्ता नाही. मग ती स्वतःवरच चिडली, की भाकरीच्या नादात आपणच कधी नीट बघितलं नाही. सिद्धेश्वरीचं म्हणणं वेगळंच होतं. "मी शिवराजना सांगणार."

"अक्षता पडल्यावर सांग," ईरप्पा म्हणाला. "हात जोडतो."

"तेव्हा सांगितलं तर ती फसवणूक होईल, अप्पा. मला त्या घरात रोज राहायचंय."

"पोरी, पत्रिका वाटून झाल्यात. उद्या त्यांनी न्हाय म्हटलं तर लोक काय म्हणतील? बापामुळं मोडलं म्हणतील. मी कुटं तोंड दाखवू?"

संध्याकाळी सिद्धेश्वरी फोन घेऊन गच्चीवर गेली. ईरप्पा खाली उभा राहून बघत होता. वर तिचा फोन धरलेला हात आणि पाठ तेवढी दिसत होती. पाठीवरून काही वाचता येत नाही.

पुढचे दोन दिवस अक्कलकोटहून काही निरोप नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. शिवराजचा सिद्धेश्वरीला फोन यायचा, पण ती म्हणायची, "आईंशी बोलतो म्हणालेत," आणि तिथंच थांबायची. ईरप्पाला जेवण जाईना. दारावरून गाडी गेल्याचा हादरा आला तरी तो उठून बाहेर बघायचा. मंडपवाला पुढचं विचारायला आला तर महानंदानं त्याला "शुक्कीरवारी या" म्हणून परत लावलं. शुक्रवारी काय सांगणार हे तिलाही ठाऊक नव्हतं.

बुधवारी दुपारी शिवम्मा स्वतः आली. एकटी, एस.टी.नं. पायरीवर चपला काढून आत आली, पाणी घेतलं, आणि बाजेवर ईरप्पाच्या बरोब्बर समोर बसली. कुणीतरी तिला शिकवून पाठवलं असावं, कारण ती तोंड पुरतं उघडून बोलत होती.

"इवाई, सरळ इचारते. जन्मापासनं हाय का मागावर झालं?"

"मागावर," ईरप्पा म्हणाला. "माजा बाप ऐंशी वर्सं जगला, शेवटपर्यंत त्येला सगळं ऐकू येत हुतं. बहिरेपण आमच्यात कुणाला न्हाय. तुमी तवा तसं बोललात, म्हणून मी भ्यालो. लपवलं ती माजी चूक."

"मी बोलले खरं," शिवम्मा म्हणाली. "पर माज्या मनातनं जात न्हाय. डॉक्टरचा कागद आणा. कशानं झालं ते त्यात लिवलेलं पायजे."

महानंदाच्या हातातलं तांब्याभांडं खाडकन खाली ठेवलं गेलं. सिद्धेश्वरी आतून बाहेर आली. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि ती म्हणाली, "माझ्या अप्पांचा दाखला मागताय? नको मग हे लग्न." ईरप्पानं ते वाचलं आणि हात वर केला.

"गप बस. माजा कान हाय, मी दाखवतो. त्यात काय अपमान?" तो म्हणाला. अपमान होता. पण लग्न मोडण्यापेक्षा तो गिळायला सोपा होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो सिद्धेश्वरीबरोबर कानाच्या डॉक्टरांकडं गेला. त्याला काचेच्या एका लहानशा खोलीत बसवलं, कानाला जाड यंत्र लावलं, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला घों असा आवाज आला, त्यानं दाबलं. परत आला, दाबलं. मग काहीच नाही. बराच वेळ काही नाही. काचेपलीकडची बाई सारखी काहीतरी फिरवत होती, कागदावर खुणा करत होती, म्हणजे आवाज सोडत असणार. त्याच्या कपाळावर घाम आला. अंदाजानं दाबावं का, असं एकदा मनात आलं. अंगठा बटणावर टेकलाही. मग वाटलं, पुरे झालं आता, आणि त्यानं अंगठा काढून घेतला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडं बरी चालली होती आणि उजवीकडं विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. "हे वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केल्याचं लक्षण आहे, काका. आनुवंशिक वाटत नाही. बारीक, उंच आवाज गेलेत. खालचे, जाड आवाज अजून बरे आहेत. यंत्र लावलं तर बोलणं पुष्कळ कळेल." मग विचारलं, "इतके दिवस का नाही आलात?"

"काम हुतं," ईरप्पा म्हणाला. यंत्राचं लग्न झाल्यावर बघायचं ठरलं.

कागदाचा फोटो त्याच दुपारी अक्कलकोटला गेला. रात्रीपर्यंत उत्तर नाही. शुक्रवारी सकाळी महानंदाचा फोन वाजला. पलीकडं शिवम्मा. महानंदा नुसतं "हां... हां..." करत होती. ईरप्पा तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होता, पण 'हां'वरून काय कळणार? तिनं फोन खाली ठेवला आणि त्याच्याकडं तोंड करून, एक एक शब्द सुटा करत म्हणाली, "इहीणबाई इचारत्यात, तुमचं गाणं ठरलं का? त्यांच्याकडनं बी एक हाय म्हणं."

एवढंच. कागदाबद्दल एक शब्द नाही, माफीबिफी नाही. ईरप्पा भिंतीला पाठ लावून खाली बसला.

पण गाणं काही ठरलं नव्हतंच, आणि आता आठ दिवस राहिले होते. शनिवारी सिद्धेश्वरी त्याला अनिलकुमारच्या गोदामावर घेऊन गेली. तिनं आधीच सगळं सांगून ठेवलं असावं. अनिलकुमारनं काही विचारलं नाही. त्यानं खांद्याएवढ्या उंचीचा एक काळा स्पीकर मधे ओढला आणि ईरप्पाचा तळहात त्याच्या लाकडावर ठेवला.

पहिल्या गाण्यात नुसती भुणभुण होती. दुसऱ्यात ठेका होता, पण सारखा बदलत होता, पाय कुठं टाकावा कळेना. पाच झाली, सात झाली. ईरप्पाला परत जुनी धाकधूक वाटायला लागली. आपल्यापायी पोरगी ताटकळली आहे, अनिलकुमारचा धंद्याचा दिवस जातो आहे. "तूच कुटलं तरी घे," तो म्हणाला. सिद्धेश्वरीनं मान हलवली. नाही.

नवव्याला लाकूड थडथडलं. हलगी होती. यात्रेत नंदीध्वजापुढं वाजते तसली, तापवलेल्या कातड्याची, आणि तिच्याखाली ढोल. वर कुणी गात असेल तर असो. ठेका त्याच्या हातातून कोपरात चढला, तिथून छातीत. ऐकू येत होता का अंगाला लागत होता ते त्याला सांगता आलं नसतं. त्याचा उजवा पाय आपसूक हलला.

"हे," तो म्हणाला. मग घाबरून विचारलं, "खरंच वाजतंय न्हवं?"

सिद्धेश्वरी रडत हसली. "वाजतंय, अप्पा. गोदाम हलतंय."

रिसेप्शनला अक्कलकोट रोडच्या कार्यालयात चारशे माणूस होतं. अनिलकुमारनं जाड आवाजाचे दोन मोठे स्पीकर व्यासपीठाच्या अगदी कडेला लावले होते. ईरप्पाच्या नव्या सदऱ्याला पाठीवर घाम फुटला होता. नाव पुकारलं ते त्याला कळलं नाही, सिद्धेश्वरीनं हात धरून ओढलं तेव्हा कळलं. पहिले काही ठेके चुकले. त्याला चारशे तोंडं दिसत होती आणि सवयीनं तो ती वाचायला गेला, तसा पाय आणखी अडखळला. मग त्यानं तोंडं वाचायचं सोडून पायाखालच्या फळ्यांकडं लक्ष दिलं. फळ्या थडथडत होत्या. तो नाचला, फार सुरेख नाही, यात्रेत माणूस नाचतो तसा, गुडघे वाकवून, हात वर करून. मधेच शिवराजही आला. मग सगळेच आले.

नंतर जेवणाच्या पंगतीत मठातला एक जुना भजनकरी त्याच्याशेजारी येऊन बसला आणि भात कालवत, खाली मान घालून काहीतरी बोलला. ईरप्पाला एकही शब्द लागला नाही. सवयीप्रमाणं मान हलवायला त्यानं हनुवटी उचलली. समोरच्या ओळीत शिवम्मा बसली होती, शेजारी शिवराजचे दोन मामा.

त्यानं शेजाऱ्याच्या दंडावर हात ठेवला. "माज्याकडं बघून बोला," तो मोठ्यानं म्हणाला. "मला ऐकू येत न्हाय."

शेजारी गडबडला. मग वळला, तोंडातला घास गिळला आणि म्हणाला, "म्हटलं, हलगी भारी हुती. कुणी निवडली?"

"मी," ईरप्पा म्हणाला, आणि वाढप्याला हाक मारून त्यानं आणखी थोडी आमटी घेतली.