न वाचलेली ओळ

"उभ्यानेच बोला. खुर्च्या आत्ताच पुसून घेतल्यात."

मुख्याध्यापिकाबाई हे नववीतल्या वनिताच्या बापाला म्हणाल्या. तो खाडीवरून जाळं आवरून तसाच आला होता. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हीच समजवा. तुमचीच भाषा ना ही? त्यासाठीच तर घेतलंय तुम्हाला."

मी पावण्याची, तिथल्याच खाडीकाठच्या गावची. गावातली पहिली बीएड झालेली मुलगी. जुईनगरच्या या खाजगी शाळेनं मला गुण बघून घेतलं असं मी घरी सांगितलं होतं. कान तापले. पण नोकरी कच्ची.

शाळेची एक रीत होती. नववीत कुणी कच्चं दिसलं की पालकाला बोलवायचं, छापील अर्जावर सही घ्यायची, दाखला हातात द्यायचा. मग दहावीचा निकाल शंभर टक्के. अर्जावर ओळ होती, 'पाल्याचे नाव मी स्वेच्छेने काढून घेत आहे.' सोसायट्यांतल्या पालकांना हा अर्ज कधी दाखवला नाही. त्यांना शिकवणी लावायला सांगत.

वनिता नापासही नव्हती. गणिताला घाबरायची, एवढंच.

मी अर्ज वाचून दाखवला. ती ओळ सोडून. म्हटलं, "दादा, शालेचा कागद हाय. अंगठा लावा."

"तू वाचलास ना बाय? मंग झाला."

त्याच्या अंगठ्याला खवला चिकटला होता. तो मी पुसला आणि अंगठा शाईत टेकवला.

वनिता पावण्याच्या कारखान्यात पाकिटं भरायला लागली. रस्त्यात भेटली की हसून "बाई" म्हणायची. मला रडू यायचं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी तोच अर्ज. दुसरी मुलगी, तिची आई समोर उभी. या वेळी मी शेवटपर्यंत वाचलं. आमच्या भाषेत सांगितलं, "पोरीला तू तुझे मर्जीनं काडतंस, आसा लिवलाय. हाय तुझी मर्जी?"

"नाय," ती म्हणाली.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "एवढं एक काम होतं तुमचं."

"मी शिक्षिका आहे मॅडम. पोरीला असं काढणं कायद्यात बसत नाही."

आठवड्यात शाळेची कारणे दाखवा नोटीस आली. उत्तर लिहिलं, एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. पहिलंच वाक्य: वनिताच्या बापाला मी अर्धाच अर्ज वाचून दाखवला, तिला परत वर्गात घ्या.

स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, ही ओळ काढ, तूच अडकशील. खरं होतं ते.

मी ओळ ठेवली. एकदा एक गाळली होती. पुन्हा नाही.