रुसल्यावर लावायची आरती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मटार सोलले. जानेवारीचं ऊन, तेलीबागेतल्या आमच्या घराची गच्ची, मधे परात. ती सोलत होती, मी सोलता सोलता खात होतो आणि ती माझ्या हातावर चापट मारत होती.

"अहो, भाजीला उरू द्या काहीतरी."

शेंगा संपत आल्या तशी म्हणाली, "माझं रजिस्टर आणा ना त्याच्याकडनं."

"उद्या जातो."

"किती वर्षं झाली तुमच्या उद्याला?"

हसली आणि परात उचलून खाली गेली चहा ठेवायला. गॅस पेटवला, पातेलं चढवलंच नाही. ओट्याशी खाली बसली ती उठली नाही. डॉक्टर आला तोवर सगळं संपलेलं होतं.

रजिस्टर कसलं ते सांगतो. मी आठवी नापास, साताऱ्याकडचा. फौजेत वायरलेसचे सेट दुरुस्त करायला शिकलो आणि पेन्शनीत आल्यावर इथंच, उत्तरेत, शेवटच्या बदलीच्या गावी दुकान टाकलं. रेडिओ-टेपची दुरुस्ती माझी, कॅसेटी आणि सीड्या तिच्या. तिचं अक्षर चांगलं, दहावी शिकलेली. लोक गाणी गायकावरून लावतात, हिनं रजिस्टरात कामावरून लावली. मटार सोलायची गाणी. लोणचं घालायची गाणी. बदलीचा हुकूम आल्यावर ट्रंका भरायची गाणी. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, "आंटी, स्वेटर बुनने वाली कैसेट देना." ही हसत काढून द्यायची.

त्यात एक पान होतं, नवरा रुसल्यावर लावायची गाणी. सगळी लाडीगोडीची, आणि मधेच एक आरती. त्याचं कारण मी. माझा राग दोन-दोन दिवस चालायचा, खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायचो. मग ही टेपवर आरती लावायची. आरती लागली की उठून उभं राहावंच लागतं, हात जोडावे लागतात. उभ्या राहिलेल्या माणसाला परत रुसून पडायची लाज वाटते. दर वेळी फसायचो.

शेजारच्या खोलीत एक जण भाड्यानं राहायचा. त्याचं नाव मी तोंडानं घेत नाही, इथंही लिहिणार नाही. एक कॉम्प्युटर घेऊन बसायचा, त्यावरून सीड्या विकायचा आणि पोस्टानं पाठवायचा. एक दिवस दुकानात आला. "अंकल, आंटी का रजिस्टर दो दिन के लिए दे दीजिए, देखना है." ही नको म्हणत होती. मी दिलं. माझ्या हातानं दिलं.

महिन्याभरात खोली सोडून गेला. पुढं त्याचं ऑनलाइन दुकान चाललं आणि कशावर चाललं? मटर छीलने वाले गाने. ट्रंक बाँधने वाले गाने. लोकांना मजा वाटली. सीड्यांमागं हेडफोन आले, हेडफोनांमागं मोबाइल, मग टीव्ही, फ्रिज. रायबरेली रोडला गोदाम झालं. माझ्याच गल्लीत त्याच्या गाड्या खोकी उतरवायला लागल्या, आणि खोकं फोडून लोक माझ्याकडं यायचे, "अंकल, ज़रा चालू करके दिखा दो." दाखवायचो. मग तेही बंद झालं आणि मी शटर ओढलं.

दुकानाचं मला एवढं लागलं नाही. जमाना बदलतो. पण पेपरात त्याची मुलाखत आली. ह्या याद्या कशा सुचल्या? म्हणे, लहानपणी आईला काम करताना बघायचो. पति रूठे तो, त्यात आरती? म्हणे, माझा स्वभावच विनोदी. हिनं ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "आरतीपण चोरली मेल्यानं." एवढंच. त्या दिवशी जेवली नाही. नंतर कळलं, शहरातल्या महानगर भागात मोठं शोरूम काढलंय आणि दाराशीच काचेच्या पेटीत रजिस्टर ठेवलंय, मालकाची पहिली वही म्हणून.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा विमानानं पोचणार होता, तोवर तिला उचलायचं नव्हतं. सकाळी शेजारच्या बायका तिच्याजवळ बसल्या होत्या. मी हत्यारांच्या डब्यातला पेचकस घेतला आणि निघालो. लाकडं सांगायला चाललो असं त्यांना वाटलं.

शोरूम नुकतं उघडलं होतं. तो आत होता. मला बघून पुढं आला.

"अरे अंकल! बैठिए, चाय मँगवाता हूँ. आंटी कैसी हैं?"

म्हटलं, "पति रूठे तो, उसमें आरती क्यों है? बता."

"वो तो... मज़ाक में डाली थी, अंकल."

"किसका मज़ाक?"

नोकर बघत होते, दोन गिऱ्हाइकं होती. त्या सगळ्यांसमोर मी सांगितलं, मोठ्यानं. कोण रुसायचं, कोण आरती लावायचं, कोण उठून हात जोडायचं. आणि ती लावणारी आज घरी जमिनीवर निजलीय, तेही सांगितलं. मग पेटीला पेचकस लावला. गार्ड धावला, ह्यानं हातानं थांबवला. चार स्क्रू होते. मला घाई नव्हती, एकेक काढला.

रजिस्टर काखेत मारलं तेव्हा म्हणाला, "अंकल, जो बोलिए, बोर्ड पर आंटी का नाम लिखवा दूँगा. बस ये रहने दीजिए." त्यानं हात जोडले होते. मी त्याला तसाच उभा ठेवून निघालो. अजून उभा असला तरी माझी हरकत नाही. माफी त्याला ह्या जन्मात नाही.

घरी येऊन रजिस्टर तिच्या हाताखाली ठेवलं. मुलगा आला, रडला, मग म्हणाला, "पापा, इसे रख लेते हैं. मम्मी की निशानी है."

म्हटलं, नाही. तिनं मागितलं होतं, तिच्याबरोबर जाईल. त्याच्याकडं रिकामी पेटी राहू दे. पेटीचे चार स्क्रूही मी खिशात घालून आणले होते.