शिवलिंगअप्पांनी परत पाठवलेली बाटली

आमच्या वडवणीत शिवलिंगअप्पांचा विषय निघाला की लोक अजूनही आधी हसतात आणि मग सांगायला लागतात. त्या हसण्याचा मला संताप येतो. मी उत्तरेश्वर. अप्पांच्या बियाण्याच्या दुकानाला लागूनच माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती माझ्याकडे आणून टाकतो आणि मी तिच्यात नवी तार भरून देतो. संध्याकाळी शटर ओढलं की मी थोडी घेतो. हे गावाला माहीत आहे, मीही कधी लपवलं नाही. अप्पांनी मात्र जन्मात थेंब घेतला नाही. हे मी कुठंही शपथेवर सांगेन, पण पिणाऱ्याच्या शपथेला आमच्या गावात काडीची किंमत नाही.

अप्पा लिंगायत वाणी. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला भस्म, आणि बोलणं इतकं हळू की गिऱ्हाइकाला काउंटरवर वाकून ऐकावं लागायचं. त्यांचं सगळं मोठेपण नाकात होतं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी आमच्या मठात महाप्रसाद असतो, अख्खं गाव जेवतं. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी आमटी चाखता येत नाही, नैवेद्य उष्टा होतो. मग मीठ बरोबर पडलंय हे कळायचं कसं? तर आचारी अप्पांना हाक मारायचा. अप्पा कढईपाशी जायचे, उपरणं मागे सारायचे, डोळे मिटून वाफ नाकात घ्यायचे आणि म्हणायचे, "आजून एक मूठ." नाहीतर म्हणायचे, "जमलं." ते 'जमलं' आलं की मगच नैवेद्याचं ताट उचललं जायचं. त्यांच्या आधी हा मान त्यांच्या वडिलांकडे होता. बारा महिने दुकानात बसून हा माणूस त्या एका शब्दाची वाट बघायचा, असं मला नेहमी वाटायचं.

नव्वद सालानंतर बाजार खुला झाला आणि बियाण्याच्या कंपन्यांना आमच्यासारख्या गावांचा एकदम पुळका आला. जास्त माल विकणाऱ्या दुकानदाराला आधी भिंतीवरचं घड्याळ मिळायचं, मग कुकर मिळायला लागला, मग मिक्सर. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात एका कंपनीनं थेट सिंगापूरची बोट काढली. साधी बोट नव्हे. आत बाजार, वर पोहायचा हौद आणि रोज संध्याकाळी टेबलावर बसून साहेबी जेवण. आपल्या जिल्ह्यातून दोघांचे नंबर लागले, अप्पांचा आणि कडा गावच्या आश्रुबांचा. आश्रुबा म्हणजे उसातला गडगंज माणूस, खता-बियाण्याचं मोठं दुकान, आवाज त्याहून मोठा, पण मनात काही ठेवणारा नव्हे. अप्पा जायला तयार नव्हते. कावेरीकाकूंनीच त्यांना ढकललं. बोटीत धपाटे आणि शेंगाची चटणी नेऊ देतात का, हे विचारायला काकू माझ्या दुकानात आल्या होत्या, जसा काही मी दर महिन्याला बोटीनं जातो.

पुढचं मी अप्पांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. आश्रुबांनी सांगितलेलं वेगळं आहे, आणि सगळं वाटोळं त्यानंच झालं.

पहिल्या संध्याकाळी आठ जणांचं एक टेबल लागलं. अप्पा वयानं मोठे म्हणून कंपनीच्या साहेबानं त्यांना मधल्या मानाच्या खुर्चीवर बसवलं. प्रत्येकासमोर काचेचे तीन-तीन पेले. साहेबानं सगळ्यांना समजावलं, की जेवण कंपनीचं आहे, आजची वाईनही कंपनीची, पण उद्यापासून बाटली ज्याची त्याची. पैसे लगेच द्यायचे नाहीत, चिठ्ठीवर खोलीचा नंबर घालून सही करायची. बाटलीची किंमत त्यानं डॉलरमध्ये सांगितली आणि वाढणाऱ्याचे म्हणून वर आणखी पैसे लागतात हेही सांगितलं. आश्रुबांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि ओरडले, "आरं, कापसाच्या बियाच्या चार बॅगा झाल्या की एका बाटलीत! आन वाढपी बी पैसे घेतो व्हय?"

एवढ्यात हातावर पांढरा रुमाल टाकलेला एक माणूस बाटली घेऊन आला. ती त्यानं अप्पांच्या डोळ्यांसमोर धरली आणि कमरेत वाकून उभा राहिला. आता बियाण्याच्या दुकानदारासमोर कुणी माल धरला तर तो काय बघणार? अप्पांनी चष्मा लावला आणि तारीख शोधली. सापडली. ब्याण्णव.

"साहेब," अप्पा हळूच म्हणाले, "ह्यो लॉट सहा वर्सांमागचा हाय. मुदत संपली. परत करा."

टेबल हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. साहेबानं डोळे पुसत सांगितलं, की अप्पा, हिचं उलटं असतं, जुनी तेवढी चांगली. अप्पा ओशाळले. तोवर त्या माणसानं बूच काढून अप्पांच्या पेल्यात घोटभर ओतली आणि पुन्हा वाकून उभा राहिला. बाकीच्या सातांचे पेले रिकामेच. सात माणसं अप्पांकडे बघत बसलेली.

"ह्याला काय पायजे?" अप्पांनी विचारलं.

"तुम्ही चाखून बरोबर आहे म्हटल्याशिवाय तो कुणाला वाढणार नाही," साहेब म्हणाला. "मानाच्या माणसाचं काम असतं ते."

अप्पांनी हात जोडले, दुसऱ्या कुणाला तरी विचारा म्हणाले. साहेबानं तसं सांगितलंही. पण तो माणूस हसून अप्पांकडेच बघत राहिला, आणि टेबलावर कुणी पुढेही होईना. इथं अप्पा अडकले. मठाच्या पंगतीत जंगम महाराजांनी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावत नाही. आपल्यामुळे पंगत खोळंबलीय, ही गोष्ट त्यांना सोसणारी नव्हती. मग त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. पेला उचलला, ओठापासून लांब धरून नाकाखाली नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "जमलं."

त्या वाढप्याला मराठी कुठून येणार? पण तो खूश होऊन वाकला आणि सगळ्यांना ओतत गेला. अप्पांच्या पेल्यापाशी आला तेव्हा अप्पांनी पेल्यावर आडवा हात धरला. तो लगेच पुढे सरकला. ही गोष्ट अप्पांना फार आवडली होती. मला म्हणाले, "आपल्यात आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून वाढत्यात. त्यानं एकदा बी आग्रह केला न्हाई, उत्तरेश्वर. लई शाना माणूस."

दुसऱ्या संध्याकाळी आश्रुबांनी सगळ्या टेबलासाठी स्वतःच्या सहीनं बाटली मागवली. वाढपी पुन्हा अप्पांकडेच आला. कालची ओळख होती ना. अप्पांनी पेला नाकाशी नेला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. पावसाळ्यात गोदामात भिजून पडलेल्या बारदानाचा वास येत होता. वाढपी विचारत होता, ठीक आहे का? आता खोटं कसं बोलायचं? बुरशी धरलेलं बी अप्पांनी कधी कुणाच्या पदरात घातलं नव्हतं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. वाढप्यानं स्वतः वास घेतला, त्याच्या वरच्या माणसाला बोलावलं, त्यानं वास घेतला, दोघांनी माफी मागितली आणि नवी बाटली आणली. पहिलीचे पैसे लावले नाहीत.

आश्रुबांच्या चार बॅगा वाचल्या. ते उठून अप्पांच्या पायाच पडले. मग काय, दुसऱ्या टेबलांवरचे दुकानदारही आपापले पेले घेऊन यायला लागले. "अप्पा, जरा बघा." अप्पांना नाही म्हणता आलं नाही. शेवटच्या संध्याकाळपर्यंत ते दवाखान्यातल्या डॉक्टरसारखे बसून पेले हुंगत होते आणि जेवणाच्या नावाखाली खोलीत जाऊन काकूंचे धपाटे खात होते. आपलं काही चुकतंय असं त्यांच्या मनातही आलं नाही.

परत आल्यावर आश्रुबा वडवणीच्या बाजाराच्या दिवशी मुद्दाम आले. चहाच्या हॉटेलात उभे राहून त्यांनी भरल्या बाजारात सांगितलं, "निस्ता वास घेतला बे! निस्ता वास! आन गोऱ्याची बाटली तोंडावर परत मारली! अख्खी बोट उठून हुबी राहिली अप्पासाठी!" वाढपी गोरा नव्हता आणि बोट उठलीही नव्हती. पण आश्रुबांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, इतकं त्यांना अप्पांचं कौतुक. मी तिथंच होतो. चहा पिणारी माणसं एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत होती ते मला दिसलं.

गावाचं गणित सरळ होतं. ज्याला वासावरून चांगली-वाईट कळते त्यानं किती रिचवली असेल! अप्पा म्हणायचे, मी फक्त हुंगली. लोक म्हणायचे, हो हो, हुंगलीच. पेरणीच्या गर्दीत बियाणं न्यायला आलेला माणूस बॅग अप्पांसमोर धरून म्हणायचा, "अप्पा, जरा वास घिऊन सांगा." अप्पा आश्रुबांकडे गेले, म्हणाले, तुमीच आता खरं सांगा. आश्रुबा पुन्हा बाजारात आले आणि ओरडून सांगितलं, की अप्पांनी थेंबसुद्धा घेतला नाही. पण ते स्वतः कसे आहेत हे सगळ्यांना माहीत. लोक म्हणाले, बघा, पंगतीतला माणूस पंगतीतल्या माणसाला सांभाळून घेतोय.

मीही भांडलो. म्हणालो, अरे मूर्खांनो, पिणारा माणूस कधी वासावरून बाटली परत पाठवतो का? मला विचारा ना! बुरशीचा वास असो नाहीतर रॉकेलचा, आम्ही नाक दाबून पितो. परत पाठवली, यातच सिद्ध झालं की अप्पांनी कधी घेतली नाही. लोक पोट धरून हसले. अप्पांना साक्षीदार मिळाला तोही कसला, म्हणाले.

श्रावण लागला. मठाची दोन मोठी माणसं दुकानात आली आणि आदरानं बसली. दारूचा शब्द कुणी काढला नाही. "अप्पा," त्यातले एक म्हणाले, "तुमचं वय झालं. वाफंत कशाला हुबं राहायचं? औंदा तुमी पंगतीला बसा, मानानं. मिठाचं आमी वजनावर करतो."

मी मधल्या भिंतीच्या खिडकीतून ऐकत होतो. मला वाटलं, आता तरी अप्पा उसळतील. पण उसळणार कुणावर? कुणी काही म्हटलंच नव्हतं. आरोप केला असता तर उत्तर देता आलं असतं. ती दोघं वाकून नमस्कार करून गेली, जाताना अप्पांच्या तब्येतीची काळजीही करून गेली. अप्पा किती तरी वेळ एकाच बॅगेवरची तारीख वाचत बसले. महाप्रसादाच्या सोमवारी ते पंगतीला बसले, आणि आमटीचं भांडं पुढ्यात आलं तेव्हा मान खाली घालून त्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. वाढणाऱ्यानं आग्रह केला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी अप्पा भर दुपारी माझ्या दुकानात आले. असं ते कधी यायचे नाहीत. मोटारीच्या तारेच्या रिळावर बसले. घरातली गोष्ट बाहेर सांगणारा हा माणूस नव्हे, पण त्या दिवशी सांगितली.

गावात कुजबुज सुरू झाल्यापासून काकू घरात कामापुरतंच बोलत होत्या. एका रात्री जेवण झालं होतं. काकू तूर निवडत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "एक इचारू का? रागवू नका. मी कुणाला सांगणार न्हाई. इतक्या लांब गेलतात, समदेच घेत होते, तुमी बी घेतली आसंल तर माझं काई म्हणणं न्हाई. मला निस्तं सांगा, कशी लागती ओ?"

"तिच्या तोंडावर राग आसता तर मी भांडलो आसतो," अप्पा मला म्हणाले. "पण तिनं मला माफ करून टाकलं होतं, उत्तरेश्वर. मला न इचारताच माफ केलं. जी माफी मागितलीच न्हाई ती माघारी कशी द्यायची?"

"मग काय म्हणालात?"

"म्हणलं, आंबट लागती."

काकूंना एवढं ऐकून मोकळं वाटलं म्हणे. 'तरी मी म्हणतच होते, चांगली कशी लागंल,' असं म्हणून त्या हसल्या, आणि कित्येक दिवसांनी त्यांनी अप्पांना हातानं विड्याचं पान लावून दिलं. त्या दिवसापासून घरात पुन्हा नीट बोलणं सुरू झालं. अप्पांना घर परत मिळालं होतं, आणि त्यासाठी न केलेली गोष्ट कबूल करावी लागली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी उगाच पक्कड शोधायला लागलो.

अप्पा उठले. दारापर्यंत गेले आणि परत आले. आजूबाजूला कुणी नाही हे बघून, नेहमीपेक्षाही हळू आवाजात म्हणाले, "आंबटच लागती ना रं? का मी तिला चुकीचं सांगितलं?"

मी जन्मभर देशी घेतलेली. द्राक्षाची कशी लागते, मला तरी कुठं ठाऊक?

"आंबटच, अप्पा," मी म्हणालो.